बाळासाठी हाताने शिवलेली भेट: झबलं, दुपटं, टोपडं, गोधडी याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाचं आमंत्रण आलं की मैत्रिणी, शेजारणी, ऑफिसमधल्या मुली सगळ्यांचे साधारण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी एकच हिशोब धरून शिवते, की दिलेली वस्तू बाळाच्या अंगावर रोज चढली पाहिजे आणि रोज धुतली गेली पाहिजे. लेस, मोती, झालर लावून कपाटात जपून ठेवायच्या वस्तू मी शिवत नाही आणि कुणाला शिवायला सांगतही नाही. खालची उत्तरं त्याच हिशोबाने दिलीयत.

पहिल्यांदाच शिवतेय. कशापासून सुरुवात करू?

दुपट्यापासून. चार सरळ कडा, माप चुकायचा प्रश्न नाही, आणि बाळाच्या घरात दुपटी कधीच जास्त होत नाहीत, गुंडाळायला, खाली अंथरायला, दूध पाजल्यावर ढेकर काढताना खांद्यावर टाकायला, रिक्षात ऊन लागायला लागलं तर आडोसा करायला, सगळीकडे तेच लागतं. ४४ इंच पन्ह्याचं कापड १ मीटर १० सेंटिमीटर घेतलं की जवळजवळ बरोब्बर चौकोन मिळतो, वाया काही जात नाही. कडा दोनदा दुमडून बारीक टीप मारायची. कोपरे जाड व्हायला लागले तर आतलं कापड थोडं तिरकं कापून मग दुमडा, नाहीतर त्या चार ठिकाणी गाठीसारखं कडक होतं आणि नेमका तोच कोपरा बाळ तोंडात घालतं.

एकच दुपटं देऊ नका, निदान दोन द्या. एक वाळत असताना दुसरं हाताशी पाहिजे.

कापड कुठलं घ्यायचं? मलमल, कॅम्ब्रिक, होजिअरी, फ्लॅनेल, सगळंच "बेबी सॉफ्ट" म्हणून विकतात.

मुंबईसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: दुपट्याला मलमल, झबल्याला मलमल किंवा मऊ कॅम्ब्रिक (मलमलपेक्षा जरा दाट विणीचं सुती कापड), टोपड्याला होजिअरी (बनियनचं असतं तसं ताणलं जाणारं कापड). फ्लॅनेल हातात घेतल्यावर फार गोड वाटतं, पण इथली हवा बघा, मार्चपासून घाम, जून ते सप्टेंबर दमट, मग परत ऑक्टोबर हीट. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या बाळाच्या मानेला आणि पाठीला दोन दिवसात घामोळं येतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरमध्ये जन्मलेलं बाळ असेल किंवा घरात दिवसरात्र एसी असेल तरच फ्लॅनेलचा विचार करा.

मलमल घेताना दुकानात एक करा, कापडाचा एक थर तळहातावर ठेवा. हाताच्या रेषा दिसल्या तर ते दुपट्याला उत्तम, पण झबल्याला एकेरी फार विरळ पडेल, तिथे जरा दाट विणीचं घ्या नाहीतर दुहेरी लावा. सॅटिन, जॉर्जेट, नेट, वेल्वेट यातलं काहीही बाळाच्या अंगाला लागेल असं नको.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो, ते खरं आहे का हे कसं कळणार?

घरी आल्यावर कडेचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा, सिंकजवळ उभं राहून काडी लावा. कॉटन असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर मिक्स असेल तर धागा वितळतो, आकसतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला तर ते कापड पिशवी शिवायला ठेवा. उभे आणि आडवे दोन्ही धागे तपासा, कारण कधीकधी एका बाजूने कॉटन आणि दुसऱ्या बाजूने पॉलिस्टर असतं.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाला नको, लाल, मरून आणि गडद निळ्यात हे हमखास होतं.

मुंबईत कापड कुठे चांगलं मिळतं?

मंगलदास मार्केट. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत जा, मस्जिद स्टेशनवरूनही जवळ आहे. आतल्या गल्ल्यांमध्ये मलमल आणि कॅम्ब्रिकची दुकानं आहेत, मीटरने देतात, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं. दुपारी बारा-साडेबाराच्या आत पोचलात तर दुकानदार ठाण सोडून दाखवायला वेळ देतात, संध्याकाळी गर्दीत कापड नीट बघताच येत नाही. आणि उन्हात बघा हो, ट्यूबलाइटखाली क्रीम आणि फिकट पिवळा सारखाच दिसतो.

तेवढं लांब जायचं नसेल तर दादर. पूर्वेला हिंदमाता, पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या गल्ल्या, तिथे पायपिंग, इलॅस्टिक, टिचबटणं, दोरे असं बारीकसारीक पण मिळतं. एका झबल्यापुरतंच कापड हवं असेल तर जवळच्या कटपीसच्या दुकानात विचारा, अर्धा-पाऊण मीटरचे तुकडे तिथे असतात आणि झबल्याला तेवढं पुरतं.

कापड शिवायच्या आधी धुवायचंच का?

धुवायचंच, यात सूट नाही. कॉटन पहिल्या पाण्यात आटतं, मीटरमागे चार-पाच सेंटिमीटरसुद्धा आटू शकतं, आणि मोठ्या माणसाच्या कुर्त्यात जे खपून जातं ते झबल्यात खपत नाही. दुसरं म्हणजे नव्या कापडाला कांजी असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पाणी बघा, कसं गढूळ झालेलं असतं ते. मग सौम्य साबणाने धुऊन दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच इस्त्री करा आणि मग कापा.

माप कसं घ्यायचं? बाळ तर अजून आलेलंच नाही.

साधारण अंदाज देते. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मताना साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर घेराचं असतं, छाती त्यापेक्षा थोडी कमी, लांबी ५० च्या आसपास. तीन महिन्यांत डोकं ४० च्या जवळ जातं. या वयात अंगापेक्षा डोकं मोठं असतं, म्हणून डोक्यातून घालायचं झबलं नको, पुढून उघडणारं हवं.

पहिल्या तीन महिन्यांच्या झबल्याला मी तयार घेर ४६ आणि उंची २८ ते ३० सेंटिमीटर ठेवते. तीन ते सहा महिन्यांना घेर ५० ते ५२, उंची ३२ ते ३४. माझं ऐकाल तर भेट द्यायला दुसरंच माप शिवा. जन्माच्या मापाची झबली प्रत्येकजण आणतो, आणि दीड महिन्यात ती घट्ट होतात. सहाव्या महिन्यात मात्र घरात अंगभर होणारं एकही हाताने शिवलेलं झबलं नसतं. तेव्हा कुठला ऋतू असेल ते बोटांवर मोजा आणि बाही त्याप्रमाणे ठरवा.

झबल्याची शिवण आतून टोचते, ओव्हरलॉक करून घेऊ का?

नको. पिको-फॉलवाल्याकडचं ओव्हरलॉक मोठ्यांच्या कपड्यांना ठीक आहे, पण त्याचा नायलॉनसारखा दोरा बगलेत आणि मानेशी घासतो. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा नीट सांगते.

आधी कटिंगच असं करा की शिवण कमीत कमी येईल. कापड दुमडून खांदा घडीवर ठेवायचा, म्हणजे खांद्याला शिवणच नाही. बाही वेगळी लावायची नाही, अंगासोबतच एका तुकड्यात कापायची, वरून बघितलं तर इंग्रजी टी अक्षरासारखा आकार दिसतो. मग उरतात फक्त दोन शिवणी, बगलेतून कमरेपर्यंत, डावी आणि उजवी.

या दोन शिवणी बंद शिवणी घ्यायच्या. नेहमी ही बंद शिवण, म्हणजे फ्रेंच सीम, घेताना पहिली टीप कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून मारतात आणि तयार झालेली पट्टी आत जाते. बाळाच्या झबल्याला मी हे मुद्दाम उलटं करते. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून अर्धा सेंटिमीटरवर पहिली टीप, मग कड कापून तीन मिलिमीटर ठेवायची, बगलेच्या वळणावर कात्रीच्या टोकाने टिपेला न लागता दोन-तीन छोटे काप द्यायचे, नखाने शिवण नीट बसवायची, कापड परतायचं आणि दुसरी टीप सहा-सात मिलिमीटरवर. आता सगळे सुटे धागे त्या पट्टीत बंद झाले आणि पट्टी बाहेरच्या बाजूला आली. ती मागच्या भागाकडे झोपवून वरून एक बारीक टीप मारली की बाहेरूनही डिझाइनसारखी दिसते. झबल्यात हात घालून फिरवून बघा, आत काहीच लागत नाही.

गळ्याला आणि पुढच्या कडेला त्याच कापडाची तिरकी पट्टी लावा, विकतची पायपिंग बऱ्याचदा पॉलिस्टर असते. पुढचे दोन भाग एकमेकांवर आठ-दहा सेंटिमीटर येऊ द्या, म्हणजे अंगरख्यासारखं बसतं आणि बाळ थोडं मोठं झालं की बंद सैल करून आणखी महिनाभर चालतं. ब्रँडचं लेबल, मापाचं लेबल असलं मानेमागे काहीही शिवू नका.

सुई आणि दोरा कुठला?

मलमलला ९ नंबर, कॅम्ब्रिकला ११. घरच्या मशीनला बहुतेक १४ किंवा १६ लावलेली असते, त्याने मलमलला भोकं पडतात. होजिअरीला बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग टीप. दोरा बारीक घ्या, टाका दोन-अडीच मिलिमीटर. मलमल मशीनखाली ओढली जात असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून टाका. आणि शेवटी सगळ्या टाचण्या मोजून डबीत परत गेल्या का ते बघा, शिवायला घेताना किती होत्या ते लक्षात ठेवून.

बटन लावू की बंद?

बंद. कापडाचे, सपाट, पंधरा सेंटिमीटरच्या आत, आणि फक्त छातीच्या बाजूला किंवा कमरेजवळ. गळ्याशी नाही. युरोपात तर सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्याच्या भागात नाडी नको असा मानकच आहे, आणि आपणही तेच धरून चालावं असं मला मनापासून वाटतं.

शिवलेलं बटन कितीही घट्ट लावलं तरी पन्नास धुण्यांनंतर सैल होतं आणि तेव्हा बाळ सगळं तोंडात घालायच्या वयात असतं. टिचबटण चालेल, पण मलमलवर नुसतं लावलं तर कापड फाटून हातात येतं, मागे दुहेरी पट्टी पाहिजे. मोती, टिकल्या, घुंगरू, आरसे हे तर अजिबातच नको. घुंगराचं टोपडं फोटोत छान दिसतं हे मान्य आहे, पण तो घुंगरू बाळाच्या श्वासनलिकेत जाईल एवढाच असतो.

टोपडं आणि कुंची?

टोपडं होजिअरीचं करा, बंदाशिवाय. ताणलं जातं म्हणून बसतं. पारंपरिक हनुवटीखाली बांधायचं टोपडंच हवं असा घरच्यांचा आग्रह असेल तर लांब बंदांच्या ऐवजी एका बाजूने छोटी रुंद पट्टी आणि टिचबटण द्या. सोबत सांगून ठेवा की टोपडं बाहेर नेताना किंवा एसीत घालायचं, झोपताना काढायचं. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं, आणि झोपेत टोपडं घसरून तोंडावर येऊ शकतं.

कुंची मात्र मला फार आवडते. बारशाच्या दिवशी खणाची कुंची घातलेलं बाळ आत्याच्या मांडीवर बसलं की घरातल्या सगळ्या जुन्या बायकांचे डोळे भरून येतात. खण गुळेदगुड्डचा घ्या किंवा आईच्या जुन्या खणाच्या ब्लाउजच्या कापडातून काढा, पण काठाची जर आणि खणाची खरखरीत उलटी बाजू गालाला, मानेला लागता कामा नये. आतून पूर्ण मलमलचं अस्तर, आणि अस्तर चेहऱ्याच्या कडेला बाहेरपर्यंत अर्धा सेंटिमीटर वळवून आणा. कुंची तासाभराची वस्तू आहे, फोटो झाले, पाळणा म्हणून झाला की काढायची.

हातमोजे-पायमोजे शिवू का? बाळ ओरबाडून घेतं.

शिवायचेच असतील तर आतली बाजू बारकाईने बघा. आत सुटलेला एक धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजतं, रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाच्या लक्षात येत नाही कारण बोट मोज्याच्या आत असतं. डॉक्टरांना हे माहितीचं दुखणं आहे. त्यामुळे वर सांगितली तशी बाहेरची बंद शिवण, आणि मनगटाला दोऱ्याऐवजी सैल इलॅस्टिक कापडाच्या बोगद्यात. मला विचाराल तर त्याऐवजी एक झबलं लांब बाहीचं करून बाहीच्या टोकाला दुमडता येणारी पट्टी द्या, आणि नखं कापा.

गोधडी शिवायचीय, किती थरांची?

मुंबईत दोन थर, फार तर तीन. गावाकडे पाच-सहा थरांची वाकळ शिवतात ती तिथल्या थंडीला आणि तिथल्या अंगणातल्या उन्हाला धरून. इथे जुलैमध्ये जाड गोधडी दोन दिवस बाल्कनीच्या दांडीवर लोंबकळत राहते, आतून ओलीच असते, आणि कुबट वास धरला की संपलं, कितीही धुवा. दोन थरांची मलमलची गोधडी पंख्याखाली रात्रीत वाळते.

७५ बाय ९० सेंटिमीटर माप पुरे. आत पॉलिफिल, फोम काही भरायचं नाही. थर जमिनीवर पसरा, सुरकुत्या मधून बाहेर काढत जा, कडेने आणि मधून मोठ्या टाक्यांनी कच्चं करून घ्या. मग धावदोरा, कडेपासून सुरू करून आत आत. डाव्या हाताचं बोट खालून कापडाला लावून ठेवायचं, सुईचं टोक त्या बोटाला लागलं न लागलं की वर घ्यायची, म्हणजे टाका सगळ्या थरांमधून गेला हे कळतं. दोरा संपला की गाठ बाहेर ठेवू नका, थरांच्या मधे ओढून घ्या. ओळी दोन बोटांच्या अंतरावर असल्या तरी चालतात, मात्र दोरा ताणू नका, धुतल्यावर गोधडीला ज्या छान बारीक सुरकुत्या पडतात त्या सैल हातानेच पडतात.

मग ती गोधडी बाळाच्या अंगावर घालायची ना?

अंगावर नाही, जमिनीवर. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागेत सुटं पांघरूण, गोधडी, उशी, मऊ खेळणं ठेवू नये आणि बाळाला पाठीवर झोपवावं, कारण तोंडावर आलेलं पांघरूण त्याला बाजूला करता येत नाही. गोधडी बाळ जागं असताना पालथं घालायला, मालिश झाल्यावर निजवून खेळवायला, आजीच्या मांडीवर अंथरायला. भेट देताना हे तोंडाने सांगा. आपण एवढी मायेने शिवलेली वस्तू कशी वापरायची हे सांगण्यात संकोच कसला.

दुपट्यात गुंडाळण्याबद्दलही एक: हात जवळ घेतले तरी पाय मोकळे, बेडकासारखे दुमडता येतील इतके सैल हवेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. आणि बाळ कुशीवर वळायला बघतंय असं दिसलं की गुंडाळणं बंद.

आजीच्या जुन्या साडीतून काहीतरी करायचंय. चालेल?

यापेक्षा चांगलं कापड दुकानात मिळत नाही. नव्या बाळाला पहिलं कापड जुनं घालायची आपल्याकडे पद्धत आहे ती उगीच नाही, शेकडो वेळा धुतलेलं सुती लुगडं ज्या मऊपणाला पोचतं तो नव्या मलमललाही येत नाही. नऊवारीत दुपटी, झबली, बाळुती आणि एक गोधडी असं सगळं निघतं.

फक्त साडी सुती आहे ना ते बघा. उजेडात धरा, जिथे विरलेली दिसेल ते बाजूला काढा. दोन अंगठ्यांनी हलकं ताणून बघा, चर्र आवाज आला तर तो भाग गोधडीच्या आतल्या थरात घाला. काठ कडक असतील तर कापून टाका, आवडता काठ असेल तर गोधडीच्या कडेला बाहेरून लावा.

आणि आता महत्त्वाचं. ती साडी डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेली होती का? असेल तर बाळासाठी ती वापरू नका. डांबरगोळ्यांमधलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, जोराची कावीळ होते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे तुम्हाला कपडा शिवताना माहीत नसतं. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले झबले-टोपडे काढतानाही हेच. कपडे ठेवताना कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा लवंगा कापडी पुरचुंडीत घाला, काम होतं.

मोहरीची उशी शिवून द्यायला सांगितलंय सासूबाईंनी.

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी अवघड जातो, कारण त्यामागे प्रेम असतं आणि पिढ्यांची सवय असते, डोकं गोल यावं म्हणून. पण बाळाला उशी नको हे आता बालरोगतज्ज्ञ एकमताने सांगतात, आणि मोहरीची उशी उसवली तर दाणे नाकातोंडात जायची भीती वेगळीच. मी नाही शिवत. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून झोपवताना रोज तोंडाची दिशा बदला, जागेपणी पालथं घाला. सासूबाईंना "नको" म्हणण्याऐवजी त्यांच्याच साडीची गोधडी शिवायला घ्या आणि धावदोरा त्यांना घालायला सांगा, त्यांचे टाके तुमच्यापेक्षा सरळ येतील.

माझ्याकडे मशीन नाही.

काही अडत नाही. झबल्याच्या दोन शिवणी हाताने उलटी टीप घालून एका संध्याकाळी होतात, कडांना हेम. हाताची शिवण उलट जास्त मऊ असते. लोकलमध्ये बसायला जागा मिळत असेल तर दुपट्याची कड प्रवासात पण होते, पण गाडीत कात्री-सुई जपून.

बाळाचं नाव भरायचं आहे कपड्यावर.

बारशाआधी नाव कळत नाही आणि कळलं तरी आत्याने कानात सांगायच्या आधी ते तुमच्या दुपट्यावर यायला नको. आधी द्यायचं असेल तर एखादं फूल, मासा, चांदोबा भरा. नंतर घरी नेऊन नाव भरून परत द्या, घरच्यांना त्याचं जास्त अप्रूप वाटतं. भरतकाम नेहमी खालच्या कडेला, आणि मागचे दोरे झाकायला आतून मलमलचा तुकडा लावा.

काळा रंग चालतो का?

बारशाला नको, घरातली मोठी माणसं नाराज होतात. पण पहिली संक्रांत येणार असेल तर बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवाच, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचं सुती घ्या. हलव्याचे दागिने वरून घालतात ते तेवढ्या वेळापुरतेच, झबल्यावर शिवून टाकू नका. रोजच्या वापराला मी पूर्ण पांढरं टाळते कारण मालिशच्या तेलाचे डाग जात नाहीत, बारीक प्रिंट असलं की निभतं.

जन्माच्या आधीच शिवून ठेवू का? काहींच्यात चालत नाही म्हणतात.

शिवून ठेवा, पण आपल्या घरी. त्यांच्याकडे बाळ आल्यावर न्या, म्हणजे कुणाचंच मन दुखत नाही. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने आधी सांगता येत नाही, तेव्हा गुलाबी-निळ्याच्या मागे न लागता हळदी, मोरपंखी, केशरी, लिंबू असे रंग घ्या, दोघांनाही शोभतात.

बाळ लवकर जन्मलंय, अजून हॉस्पिटलमध्ये आहे. काय देऊ?

आधी घरच्यांना आणि नर्सला विचारा, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. अडीच किलोच्या आतल्या बाळांना कांगारू मदर केअर देतात, म्हणजे बाळ आईच्या उघड्या छातीशी तासन् तास ठेवायचं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तर हे जन्मल्यापासून लगेच सुरू करा असं सांगितलंय. तेव्हा बाळाला टोपी, मोजे आणि पुढून पूर्ण उघडं, बिनबाह्यांचं झबलं लागतं. इथे मात्र होजिअरीची टोपी आणि पायमोजे खरंच उपयोगी, डोक्याचा घेर विचारून घ्या, २८-३० सेंटिमीटरसुद्धा असू शकतो. झबलं पाठीला सलग आणि बाहेरच्या शिवणीचंच. आईला पुढून उघडणारा सैल सुती कुर्ता द्या, त्या दिवसात तिला त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

आणि पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर बाळंतिणीसाठी काय?

बाळंतविड्यात तिच्यासाठी नेहमी डिंकाचे लाडू असतात, कपडा कुणी देत नाही. दुपट्याच्या उरलेल्या मलमलचे हातरुमालाएवढे सात-आठ चौकोन करा, दुहेरी. दूध पाझरतं तेव्हा, बाळाचं तोंड पुसायला, सगळ्याला होतात. वेळ असेल तर गुडघ्यापर्यंतचा पुढून उघडणारा गाऊन, दोन्ही बाजूंना खिसे ठेवा.

धुऊन दिलं तर जुनं वाटणार नाही?

शिवून झाल्यावर परत एकदा धुवाच, खडूच्या खुणा, मशीनचं तेल, हाताचा घाम सगळं जातं. सेंटेड कम्फर्टसारखं काही घालू नका. इस्त्री करा, सुटे दोरे शेवटचे एकदा तपासा, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता उरलेल्या कापडाच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये ओल धरते. आत एक चिठ्ठी टाका: "धुतलेलं आहे, आजच घाला. गोधडी जमिनीवर अंथरायला. घट्ट झालं की सांगा, पुढच्या मापाचं शिवून देईन."